टर्बो पेट्रोलचं ऑईल कमी व्हायचं सोडून वाढतंय, काय भानगड?

रंकाळाकाठ:
मंडळी, माझी १ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली, ३ वर्षं झाली आणि २४ हजार पळालीय. रोज घर ते शाहूपुरी दुकान, जेमतेम ३ किलोमीटर, टेंपरेचरचा काटा वर सरकायच्या आत गाडी पार्किंगला. सर्व्हिसला ऑईल बदललं तेव्हा डिपस्टिकवर बरोब्बर वरच्या खुणेला होतं, परवा सहज पट्टी काढली तर खुणेच्या वर चांगलं अर्धा बोट, आणि वास पेट्रोलचा! रविवारी गगनबावड्याला जाऊन आलो तर परत थोडं खाली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात १० हजार होईपर्यंत बघूच नका. शेजारचे काका म्हणतात २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑईल टाक, जाड असलं की इंजिन टिकतं. कुणाचं ऐकू?

पाना_नंबर_१४:
भावा दोघांचंही नको. आधी ऑईल फिलरचं झाकण काढून आतून बघ, दुधाळ फेस असेल आणि कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी पण उतरत असेल तर ते पाणी ऑईलमध्ये मिसळत असणार, गाडी सरळ उद्यमनगरात कुणा जाणत्या मिस्त्रीकडं ने. नसेल तर तुझं निदान तुझ्या नाकानंच केलंय. थंड इंजिनला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलेंडरमध्ये पडतं, गार भिंतीला चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगच्या फटीतून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये जातं. लांब पल्ल्याला ऑईल नीट तापलं की त्यातलं बरंच उडतं आणि ब्रीदरच्या नळीतून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) परत इनटेकला, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेला, जाऊन जळतं, म्हणून गगनबावड्याला ऑईल "कमी" झालं. पण सगळं जात नाही, जड भाग खालीच राहतो आणि ऑईल पातळ होतं. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो, तोच थर पेट्रोलनं फुटला तर काय शिल्लक राहणार? तुझ्या वापराला १० हजाराची वाट बघू नको, ५ हजार किलोमीटर किंवा ६ महिने, जे आधी होईल तेव्हा ऑईल बदल.
२०डब्ल्यू-५० चा नाद सोड. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच, फुल सिंथेटिक, आणि डब्यावर एपीआय एसपी आहे का बघ. इंजिन ऑईलचा २०२० पासूनचा दर्जा आहे, कमी आरपीएमला जोर दिल्यावर होणारं अवेळी जळणं आवरायला ऑईलमधलं रसायन बदललंय त्यात.

हायवेचा_माणूस:
माझी टर्बो पेट्रोलच, दीड लाखाच्या वर गेली, दर १० हजाराला ऑईल, अजून धूर नाही की शिट्टी नाही. उगाच घाबरवू नका हो.

पाना_नंबर_१४:
तुमची आठवड्यातनं दोनदा पुण्याला जाते दादा, तिला आजार कसा होईल. ह्याची रोज ३ किलोमीटर जाते. एकच इंजिन, दोन वेगळे जन्म.

घाटवेडा:
आंबा घाट चढून वर आल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद करू नका एवढं माझंही. टर्बोच्या शाफ्टजवळचं ऑईल थांबतं आणि त्याच्या गरम हाऊसिंगमध्ये करपून कोळसा होतो. आता बऱ्याच गाड्यांत टर्बोला पाणी फिरतं, तरी शेवटचा किलोमीटर सावकाश चालवला की मिनिटभर उभं राहायचीही गरज नाही. आणि पाचव्या गिअरात १३००-१४०० आरपीएमला पाय दाबून चढ चढवू नका, गिअर उतरवा, पोळीला तूप लावल्यागत जाईल गाडी.

रंकाळाकाठ:
झाकण स्वच्छ होतं, कूलंट जागच्या जागी. आज ओळखीच्या गॅरेजला ऑईल काढलं. बिलावर मागच्या वेळी ३.५ लिटर भरलेलं लिहिलंय, कॅनमध्ये मोजून ३.९ निघालं, बोटांवर घेतलं तर पाण्यासारखं. मिस्त्री म्हणाला "काडी लांब ठेवा". काकांना कॅन दाखवला, ते म्हणाले "आमच्या वेळी असलं नव्हतं", आणि २०डब्ल्यू-५० चा विषय बंद. आता महिन्याला एक रविवार गगनबावडा नक्की, बायकोलाही हेच तांत्रिक कारण सांगितलंय.