कायद्यानं मागणी बांधून दिली, तरी धाटांपासूनचं इथेनॉल का रखडलं?

प्रश्न : रानवाट
अमेरिकेच्या २००७ च्या ऊर्जा कायद्यात २०२२ पर्यंत वर्षाला ३६ अब्ज गॅलन जैवइंधन, त्यातलं १६ अब्ज सेल्युलोजिक (म्हणजे धाटं, काड अशा वनस्पतीच्या तंतुमय भागापासूनचं), असं आकड्यानिशी लिहिलं होतं. २०१४-१५ मध्ये आयोवा आणि कॅन्ससमध्ये मक्याची धाटं आणि काड यांवर चालणारे इथेनॉलचे तीन मोठे कारखाने सुरू झाले. २०१९ संपेपर्यंत तिन्हींचं व्यापारी उत्पादन थांबलं. गिऱ्हाईक ठरलेलं असताना असं का व्हावं? तंत्र कमी पडलं की नियम? आणि याच मालापासून प्लास्टिक करायचं असेल तर आधी काय बघावं?

उत्तर : किण्वक
यीस्ट (साखरेचं इथेनॉल करणारी बुरशी) आणि एन्झाइम (सेल्युलोज फोडून साखर करणारी प्रथिनं) यांना उगाच बोल लावतात. खरी अडचण त्याच्या बरीच आधी, धाटांच्या बांधलेल्या गाठी फोडण्यापासून सुरू होते. धाटं जमिनीवरून गोळा होतात, सोबत माती येते. स्वच्छ धाटांत राख (जाळल्यावर उरणारा खनिज भाग) साधारण ४ ते ६ टक्के. माती चिकटली की ती १० च्या वर सहज जाते. त्यातली वाळू फीडर स्क्रूची, म्हणजे माल रिअॅक्टरमध्ये ढकलणाऱ्या मळसूत्राची, पाती खरवडून काढते. या स्क्रूला माल दाबून घट्ट बूच तयार करायचं असतं, म्हणजे पुढची वाफ मागे येत नाही. ओलावा कमी-जास्त झाला की एकतर स्क्रू अडकतो, नाहीतर बूच सैल पडून वाफ उलटी फिरते. दोन्ही वेळा लाइन बंद.

पुढे सौम्य सल्फ्युरिक आम्लात १५० ते १९० अंश सेल्सिअसवर काही मिनिटांची पूर्वप्रक्रिया. जास्त शिजलं तर झायलोज या साखरेचं फरफ्युरल हे मारक रसायन होतं आणि यीस्ट मंदावतं. कमी शिजलं तर एन्झाइम सेल्युलोजपर्यंत पोचतच नाही. मातीतले कार्बोनेट आम्लाचा काही भाग खाऊन टाकतात, म्हणून मीटरवर डोस बरोबर दिसतो आणि रिअॅक्टरमध्ये तो कमी पडलेला असतो. पायलट प्लांटमध्ये (छोट्या चाचणी-कारखान्यात) निवडलेला, एकसारखा माल वापरला की यातलं काहीच दिसत नाही.

करायचं काय, तर प्रत्येक ट्रकमधून नमुना घ्या, ५७५ अंश सेल्सिअसवर मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) राख काढा आणि खरेदीचा दर राखेला व ओलाव्याला बांधा. २० टक्क्यांवर ओलावा असलेल्या गाठी थप्पीला लावूच नका. आतून तापतात, साखर जाते, आगही लागते.

उत्तर : लेखापाल
नियमातही भोक होतं, आणि ते कायद्यातच होतं. सेल्युलोजिक इंधन पुरेसं बनत नसेल तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं रिफायनऱ्यांवरचा त्या वर्षाचा कोटा खाली आणायचा, असं कलम आहे. २०१० साली कायद्यातला आकडा १० कोटी गॅलन होता, तो ६५ लाखांवर आणला. कोटा कमी केला की संस्थेला रिफायनऱ्यांसाठी सवलत-क्रेडिटही विक्रीला ठेवावं लागतं. त्याची गॅलनमागे किंमत : ३ डॉलरमधून पेट्रोलचा घाऊक दर वजा, किंवा २५ सेंट, यांत जे जास्त ते (महागाईनुसार वाढवून). आरआयएन म्हणजे जैवइंधनाच्या प्रत्येक गॅलनला मिळणारा, विकता येणारा क्रमांक; तो दाखवून रिफायनरी कोटा पुरा करते. सेल्युलोजिकच्या आरआयएनऐवजी ती हे क्रेडिट आणि 'प्रगत' या अधिक व्यापक वर्गातला एक आरआयएन घेऊन मोकळी होते. म्हणजे सेल्युलोजिक आरआयएनच्या भावाला वरून झाकण बसलं आणि ते दरवर्षी हलणारं. अशा भावावर वीस वर्षांचं कर्ज कोण देईल?

त्यात जुलै २०१४ मध्ये कचराभूमीतल्या बायोगॅसपासूनचं वाहन-इंधन याच सेल्युलोजिक आरआयएनच्या (डी३) वर्गात आलं. ते बनवणं कितीतरी सोपं, त्यामुळे तेव्हापासून डी३ चा मोठा हिस्सा गॅसचाच. २०२२ चा सेल्युलोजिकचा प्रत्यक्ष कोटा ठरला ०.६३ अब्ज गॅलन, कायद्यात १६ अब्ज असताना. नियामकानं चूक केली असं मी म्हणणार नाही, पण धाटांवर पैसा लावणाऱ्याला हा धक्का जबर होता. प्रकल्प मांडताना क्रेडिट शून्य धरूनही व्याज निघतं का, ते आधी बघा.

रानवाट
दोघांचेही आभार. प्लास्टिकचं राहिलं. 'जैव' लिहिण्यासाठी कोणती चाचणी लागते?

उत्तर : कार्बन चौदा
आधी दावा कोणता ते ठरवा, कारण चाचण्या वेगळ्या आहेत. कार्बन वनस्पतीचा आहे का, हे एएसटीएम डी६८६६ ही प्रमाणित चाचणी सांगते. ती कार्बन-१४ मोजते; तो ताज्या वनस्पतीत असतो, खनिज तेलात नसतो. माल कुजेल की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

कंपोस्टयोग्य म्हणायचं तर युरोपात ईएन १३४३२ हे मानक : सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन, आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. शिवाय जड धातूंची मर्यादा आणि रोपांवरची चाचणी. इथे घसरतात ते जाडीवर. प्रमाणपत्र तपासलेल्या जाडीपर्यंतच चालतं. पातळ फिल्म पास झाली म्हणून त्याच पीएलएचा (वनस्पतींच्या साखरेपासूनच्या प्लास्टिकचा) जाड डबा पास होत नाही. शाई आणि चिकटद्रव्यंही हिशेबात येतात.

आणखी एक. क्रॅकरमध्ये (प्लास्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या भट्टीत) वनस्पतीजन्य नॅफ्था खनिज तेलापासूनच्या नॅफ्थात मिसळतात आणि जैव वाटा 'मास बॅलन्स'नं, म्हणजे फक्त वहीतल्या हिशेबानं, काही मालाच्या नावावर टाकतात; अशा प्लास्टिकमध्ये कार्बन-१४ जवळजवळ शून्यही येऊ शकतो. कागदोपत्री तो हिशेब वैध आहे, पण ग्राहकानं डी६८६६ चा अहवाल मागितला तर माल परत येईल. करारातच लिहून घ्या : मोजलेला जैव अंश हवा की हिशेबातला.