ग्रामपंचायतीने बजेटच केलं नाही, कारवाई कोणावर आणि कशी? (मदत हवी आहे)

वॉर्ड_दोन: नमस्कार मंडळी. सोमवारी तालुक्याला जायचंय, त्याआधी उत्तर हवंय. आमच्याकडे यंदाचं बजेट मांडलंच नाही. एप्रिल उलटला. विचारलं की "कागद तयार आहेत, करू". पाण्याच्या मोटारीचं लाईटबिल थकलंय, दिव्यांगांचा 5 टक्के निधी गेल्या वर्षीही वाटला नाही. एकच सांगा, थेट हायकोर्टात केस टाकता येते का आणि वकील किती घेईल?

गोदाकाठ: ग्रामपंचायत की नगरपंचायत? पहिलीला 1958 चा कायदा, दुसरीला 1965 चा. सरपंच आहे की प्रशासक बसलाय? आणि तुम्ही सदस्य की नुसते मतदार? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

वॉर्ड_दोन: ग्रामपंचायतच हो. सरपंच थेट जनतेतून आलेला. मी सदस्य.

जुना_विस्तार_अधिकारी: मी पंचायत विभागात नोकरी केली आहे. अंदाजपत्रक कलम 62 खाली येतं, नमुना 1 मध्ये भरतात आणि पंचायत समितीकडे जातं. टाळलं तर कर्तव्यात कसूर म्हणून कलम 39. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, सरपंचाला काढायचा निर्णय विभागीय आयुक्तांचा. ग्रामसेवकावर जिल्हा परिषद वेगळी शिस्तभंगाची कारवाई करते, त्याला सोडू नका. पण आधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहितात ती वही, बघा. "मांडलं नाही" हे तुमचं म्हणणं, कागदावर काय आहे?

माहितीदूत: काही बघू नका, माहिती अधिकार टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर. नाही दिलं तर अपील. मी आमच्या गावचा सगळा जमाखर्च असाच बाहेर काढला.

जुना_विस्तार_अधिकारी: सदस्याने 30 दिवस कशाला थांबायचं? ग्रामसेवकाकडे लेखी मागणी करा, पोच घ्या.

माहितीदूत: लेखी मागणी फाईलखाली जाते साहेब. माहिती अधिकारात दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड आहे. त्या दंडालाच ते घाबरतात.

न्यायप्रेमी: रतलाम नगरपालिकेचा 1980 चा निकाल वाचा. गटारं, संडास करायला पैसे नाहीत असं नगरपालिका म्हणाली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही सबब चालणार नाही. तुमची केस याहून सोपी आहे, हायकोर्टात रिट याचिका टाका.

गोदाकाठ: तो निकाल घाणीच्या उपद्रवाचा होता, अंदाजपत्रकाचा नव्हे. हायकोर्ट आधी विचारेल, कलम 39 चा मार्ग का नाही धरला? गरिबाचे पैसे वकिलाकडे घालवायला लावू नका.

न्यायप्रेमी: वर्षानुवर्षं चौकशीच चालते, त्याचं काय? गावाने तोवर काय प्यायचं?

सहकारनगर: आमच्या सोसायटीतही असंच. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, सेक्रेटरी घेत नाही. उपनिबंधकांकडे तक्रार कशी करायची?

गोदाकाठ: वेगळा धागा काढा प्लीज.

मोबाईलवाला: ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर बघितलं का? गावचा विकास आराखडा चढवलेला असेल तर बजेट झालेलं आहे.

जुना_विस्तार_अधिकारी: नाही. वित्त आयोगाकडून येणाऱ्या निधीचा आराखडा वेगळा, अंदाजपत्रक वेगळं. अंदाजपत्रकात घरपट्टी, पाणीपट्टीसकट गावचं स्वतःचं उत्पन्न येतं. मागासवर्गीयांचे 15, महिला-बालकल्याणाचे 10 आणि दिव्यांगांचे 5 टक्के त्यातूनच. म्हणूनच ते टाळलं जातं.

वॉर्ड_दोन: प्रोसिडिंग आज बघायला मिळालं. फेब्रुवारीच्या मासिक सभेत ठराव आहे, "सन पुढील वर्षाचे अंदाजपत्रक वाचून सर्वानुमते मंजूर". अनुमोदक म्हणून माझं नाव! त्या सभेचा ठराव ओळी दाटीवाटीने कोंबून लिहिलाय, सह्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत. हजेरीला माझी सही आहे, पण त्या दिवशी असा विषयच निघाला नव्हता. आता काय करू?

माहितीदूत: पोलीस स्टेशन! खोटा दस्तऐवज आहे हा.

जुना_विस्तार_अधिकारी: थांबा. हे आता कसुरीचं प्रकरण राहिलेलं नाही. आधी त्या पानाची प्रमाणित प्रत लेखी अर्जाने मागा, पान बदलायच्या आत. त्या सभेच्या नोटिशीतली विषयपत्रिका शोधा, त्यात अंदाजपत्रक नसेल तर तोच तुमचा पुरावा. आणि सोमवारी गटविकास अधिकाऱ्यांकडे जाल तेव्हा विचारा, पंचायत समितीत नमुना 1 कोणत्या तारखेला आला आणि त्यावर कोणाच्या सह्या आहेत.

वॉर्ड_दोन: नोटीस घरी आहे, शोधतो. आणखी दोन सदस्यही म्हणतात, वाचलंच नव्हतं. त्यांचं लेखी घेऊ का?

गोदाकाठ: आजच घ्या, तारखेसकट.