संकल्पातला काळ आणि पृथ्वीचे वय

कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची, म्हणून पुराणकारांना पृथ्वीचे वय ठाऊक होते, हा मुद्दा मला पटत नाही. ४३२ कोटी हा कल्पाचा संपूर्ण अवधी आहे, सरलेला काळ नव्हे. गणपती बसवताना तळहातावर पाणी घेऊन गुरुजींच्या मागोमाग आपण 'श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वन्तरे, कलियुगे प्रथमचरणे' म्हणतो, तेव्हा या कालगणनेतले आपले नेमके स्थान सांगत असतो. सरलेली सहा मन्वंतरे (कल्पाच्या चौदा भागांपैकी), त्यांच्या मधले संधिकाल आणि सातव्यातली सत्तावीस महायुगे (चार युगांचे एक चक्र म्हणजे महायुग) धरून पुढचा हिशेब केला, तर कल्पारंभापासून सुमारे १९७ कोटी वर्षे झाली, असे उत्तर येते. पृथ्वीच्या वयाचा ४५५ कोटींच्या आसपासचा आकडा मात्र भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) काढला. युरेनियमचे शिसे ठरावीक वेगाने होते, हा त्याचा पाया. सूर्यसिद्धांत या प्राचीन खगोलग्रंथात महायुग ४३ लाख २० हजार वर्षांएवढे मोठे आहे, कारण त्यात प्रत्येक ग्रहाच्या प्रदक्षिणा पूर्णांकात बसवल्या आहेत. ही विलक्षण गणिती रचना समजून घेण्याऐवजी तिच्यातला एकच सोयीचा आकडा उचलणे, हा मला त्या ग्रंथावरच अन्याय वाटतो.