मांडव्यासाठी सेकंडहँड यॉट: प्रिन्सेस ५२ की प्रेस्टीज ५००?

सासवणेकर
नमस्कार मंडळी, सासवण्याला घर आहे, गेली काही वर्षं दर शुक्रवारी कधी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो नाहीतर गेटवेवरून कॅटमरान असं चाललंय, आता मी आणि मेहुणा मिळून ५० फुटाच्या आसपासची जुनी मोटर यॉट घ्यायचं म्हणतोय. दोन बोटींवर गाडी अडलीये. एक प्रेस्टीज ५००, फ्रेंच, आयपीएस पॉडवाली (बोटीखाली वळणारं प्रोपेलरचं युनिट), सध्या दुबईत आहे. दुसरी प्रिन्सेस ५२, इंग्लिश बनावटीची, साध्या शाफ्टवाली (इंजिनापासून सरळ दांडा, टोकाला प्रोपेलर), ती मुंबईतच मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बांधून, उभी आहे आणि बरीच महाग सांगतायत. बायकोला प्रेस्टीज आवडलीये कारण मालकाच्या बेडरूमला सलूनमधून (बोटीचा दिवाणखाना) वेगळा जिना आहे, पाहुण्यांच्या केबिनशी संबंधच येत नाही. मला स्वतःला जॉयस्टिक आवडली, बोट जागच्या जागी फिरते राव! ब्रोकर म्हणतो डिझेल पण कमी खाते. वापर म्हणजे वीकेंडला मांडवा, कधीतरी मुरुडपर्यंत, वर्षातून एकदा गोवा. कोणी वापरलीये का दोन्ही?

डिझेलचा_वास
दोन्ही चांगल्या बोटी आहेत पण तुम्ही सलून आणि जिना बघताय, बोट खालून बघा आधी. आयपीएसचे प्रोपेलर पुढच्या बाजूला तोंड करून असतात, म्हणजे पाण्यात दोरी, जाळं, प्लॅस्टिक जे काही येईल त्याला पहिले तेच भिडतात. मोकळ्या स्वच्छ पाण्यात याचा फायदाच आहे, डिझेल खरंच वाचतं, ब्रोकर खोटं बोलत नाहीये. पण गेटवे ते मांडवा हे पाणी कसलं आहे ते तुम्ही कॅटमरानमधून दर वेळी बघताच की. माझी पॉडवाली होती, थळच्या अलीकडे संध्याकाळी तुटलेल्या जाळ्याचा तुकडा उजव्या पॉडला गुंडाळला, एका इंजिनावर ८ नॉटने (तासाला ८ सागरी मैल) रांगत परत आलो, दुसऱ्या दिवशी पाणबुड्याने सुरीने कापून काढला तर आत सीलपर्यंत नायलॉन वितळून बसलेलं. पॉडची रचनाच अशी की जोरात धडक बसली तर पॉड तुटून पडावा पण बोटीच्या तळाला भोक पडू नये, म्हणजे बोट वाचते, खिसा नाही वाचत. शाफ्टला पण जाळी अडकतातच, फक्त तिथे रोप कटर लावता येतो आणि दुरुस्ती आपल्याकडच्या चांगल्या फिटरला जमते.

डिझेलचं म्हणाल तर ४३५ हॉर्सपॉवरची दोन इंजिनं २२ नॉटला तासाला सव्वाशेच्या आसपास लिटर पितात. मांडवा साधारण १० सागरी मैल, म्हणजे अर्धा तास, एका फेरीला ६० लिटर धरा. शाफ्टवाली मोठ्या इंजिनाची, ती जास्त पिणार, पण वीकेंडच्या वापरात तो फरक एका पॉडच्या कामात निघून जातो.

उधाण_भरती
दुबईची किंमत बघून पाघळू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर जीएसटी ४० टक्के झालाय, कस्टम ड्युटी वेगळी, वर जहाजावर चढवून आणायचा खर्च. मुंबईतली महाग वाटतेय ती हे सगळं भरून झाल्यामुळे असेल, पण ड्युटी भरल्याचे कागद हातात घेऊन बघा, "आहेत, पाठवतो" यावर जाऊ नका. आणि दुबईच्या बोटीचे इंजिनचे तास विचारताना जनरेटरचे पण विचारा, तिकडे उन्हात बोट उभी असली तरी एसीसाठी जनरेटर धडधडत असतो, त्याचे तास इंजिनाच्या दुप्पट निघू शकतात.

तांडेलाचा_नातू
माझे आजोबा तांडेल (मच्छीमार बोटीचे कप्तान) होते, मी गेली बरीच वर्षं लोकांच्या यॉट चालवतो. बोट घेणाऱ्याला मी दोन गोष्टी सांगतो. ट्रायलला गेलात की इंजिन चालू करायच्या आधी इंजिन रूममध्ये उतरा आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या अंगाला, हात लावा. कोमट लागलं तर समजा की तुमच्या आधी कोणीतरी चालू करून धूर काढून टाकलाय, थंड इंजिन स्टार्ट होताना बघायचं असतं. दुसरं, पाव टाकी डिझेल आणि तिघं माणसं घेऊन बोट २८ नॉट पळवून दाखवतात, तुम्ही म्हणा टाक्या फुल्ल करा आणि घरचे दहा जण आणतो. आणि ट्रायल दुपारी ३ नंतर घ्या. एप्रिल-मे मध्ये वायव्येचा वारा सुटला की समोरून आखूड लाटा येतात, सकाळच्या सपाट पाण्यात सगळ्याच बोटी गुणी असतात.

जॉयस्टिक धक्क्याला लावायला बेस्ट, मी नाही म्हणत नाही. पण गेटवेला तुम्ही मुरिंगच्या बोयाला बांधणार, तिथून डिंगीने (छोट्या होडीने) ये-जा, मग जॉयस्टिक लागणार कितीदा ताई-दादांनो? डिंगी मागच्या प्लॅटफॉर्मवर सहज चढते-उतरते का ते बघा त्यापेक्षा. उधाणाला ४-५ मीटर पाणी वरखाली होतं, तुमच्या सासूबाईंना त्या डिंगीतून चढवून बघा एकदा.

डिझेलचा_वास
तांडेल दादा बरोबर बोलले. अजून एक, स्वस्तात अमेरिकन बोट मिळतेय म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर आधी करंट बघा, तिकडची ६० हर्ट्झवाली असेल तर आपल्या किनाऱ्यावरच्या ५० हर्ट्झला जोडताना डोकं फिरतं. तुमच्या दोन्ही युरोपियन, तो प्रश्न नाही.

सासवणेकर
सगळ्यांचे आभार. काल मुंबईची प्रिन्सेस परत बघून आलो, आदल्या दिवशी न सांगता गेलो. ब्लॉक गार होता. स्टार्टला थोडा पांढरा धूर आला, मिनिटभरात गेला. आता पाण्याबाहेर काढून सर्वेयरकडून तळात ओलावा मुरलाय का ते तपासायचं आणि इंजिन ऑइलचं सॅम्पल लॅबला पाठवायचं ठरलंय, उचलायचा खर्च मालक अर्धा देतो म्हणाला. पावसाळ्याचे तीन-चार महिने कुठल्या यार्डात ठेवायची हे कोणी सांगेल का, यार्डवाले एप्रिलमध्येच फुल्ल होतात असं ऐकलंय. बायको मात्र अजून जिन्यावरच अडलीये.

उधाण_भरती
यार्डाचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. जिन्याचं तुमचं तुम्ही बघा.