चंद्रा नदी चंद्रताल तलावातून निघत नाही!

नकाशावेडा: हिमाचलमधल्या लाहौलवरच्या कालच्या लेखात वाक्य आहे: "४,२५० मीटरवरच्या चंद्रतालात उगम पावणारी चंद्रा तांदीला भागा नदीला मिळते." तांदीचं बरोबर, उगमाचं साफ चूक. चंद्रा येते बारालाचा खिंडीच्या आग्नेय उतारावरून. तलाव तिच्या पूर्वेला, पात्राच्या बराच वर आहे. त्यातलं जादा पाणी ओढ्यानं खाली नदीत उतरतं, एवढाच संबंध.

पायवाट: लेख माझाच. नावातच चंद्र आहे, स्थानिक श्रद्धा आहे. ती नकाशा दाखवून खोडायची?

नकाशावेडा: श्रद्धेचंच घ्या. कथेत चंद्रा आणि भागा बारालाच्यावरूनच विरुद्ध दिशांना धावतात. आणि पाण्याचा रंग बघा: नदी हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या पिठानं राखाडी, तलाव नितळ. ओढा मिळतो त्याच्या वरच्या अंगालाही नदी तितकीच गढूळ. तलावातून निघाली असती तर तिथे ही माती कुठून आली?

जलरेखा: तलावात येणारी मोठी नदी नाहीच, बर्फाचं पाणी आणि झरे आहेत. बाहेर पडायला वाट आहे म्हणून पाणी गोडं. लडाखच्या पँगाँग तलावाला ती वाट नाही, तिथे क्षार साठतात. पण ४,२५० कुठून आणलंत? रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, ४,३३७ आहे.

पायवाट: मोबाइलवर मोजलंय. यादीपेक्षा जागेवरचं मोजमाप खरं.

जलरेखा: अजिबात नाही! जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासूनची असते. हिमालयात ती दुरुस्ती केली नाही तर आकडा काही दशक मीटर कमी येतो. हवेच्या दाबावरून उंची काढणारा दाबमापक वापरलात तर वेगळी अडचण: तिथे दाबातला एक मिलिबार फरक म्हणजे उंचीत सुमारे १३ मीटर. रात्रीत हवा तीन मिलिबार बदलली की तलाव चाळीस मीटर 'सरकतो'.

पायवाट: मग जवळच्या कुंझुम खिंडीतल्या फलकावरच्या उंचीला दाबमापक लावून घ्यायचा, झालं!

जलरेखा: कुंझुमचेच दोन आकडे फिरतात, ४,५५१ आणि ४,५९०. सर्वेक्षण नकाशावरचा उंचीबिंदू धरा. तिथे यंत्र त्या उंचीला लावा, तलावावर वाचा, त्याच दिवशी परत त्याच बिंदूवर या. परतल्यावर त्या बिंदूच्या आकड्यात जो फरक दिसेल तो वेळेच्या प्रमाणात तलावाच्या आकड्यातून वजा करा. हे न करता छापलेला आकडा पुढचे दहाजण उतरवून घेतात!

नकाशावेडा: उंचीचं नंतर भांडा. उगमाचं वाक्य बदलणार का?

पायवाट: बदलतो. 'बारालाच्याजवळ उगम' लिहितो. ४,२५० मात्र राहील, पुढे 'मोबाइलनुसार' जोडतो.

जलरेखा: मग कोणतं ॲप आणि दुरुस्ती केली की नाही, तेही लिहा.