अनुभव धागा : आउटफिल्डरची फेक, आपण पाहिलेली

कृष्णाकाठ

गेल्या शनिवारी नातवाचा बेसबॉल सामना पाहायला गेलो होतो. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याला राइट फील्डवर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या उजव्या भागात, उभे केले म्हणून परतताना गाडीत त्याच्या डोळ्यांत पाणी होते. लहान मुलांच्या सामन्यांत चेंडू त्या बाजूला फारसा जात नाही, त्यामुळे ज्याचा खेळ कच्चा समजला जातो त्यालाच तिकडे पाठवतात, हे त्याला कोणी न सांगताही कळले होते. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये नेमके उलट असते. मैदानाच्या दूरच्या भागात उभ्या असलेल्या तिघा आउटफिल्डरांपैकी ज्याच्या हातात सर्वांत अधिक जोर, तो बहुधा राइट फील्डवर असतो, कारण तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची (धावपटूच्या वाटेतल्या तिसऱ्या थांब्यापर्यंतची) फेक फार लांबची असते. हे त्याला समजावून सांगताना मला 1971 चा ऑक्टोबर आठवला.

त्याच वर्षी मी सांगलीहून पिट्सबर्गला शिकायला आलो होतो आणि बेसबॉलचे नियमही मला धड ठाऊक नव्हते. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेचा, सहावा सामना बाल्टिमोरमध्ये चालू होता आणि आम्ही चौघे भारतीय विद्यार्थी वसतिगृहातल्या दूरचित्रवाणी संचासमोर बसलो होतो. नववा, म्हणजे नेहमीचा शेवटचा, डाव होता, 2-2 अशी बरोबरी होती, बाल्टिमोरचा मार्क बेलँजर पहिल्या बेसवर होता आणि डॉन ब्यूफर्डने चेंडू राइट फील्डच्या कोपऱ्यात मारला. एक धाव झाली की सामना संपणार होता. पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे तेव्हा 37 वर्षांचा होता. त्याने कोपऱ्यात जाऊन चेंडू उचलला आणि जिथे पोहोचल्यावर धाव पूर्ण होते त्या होम प्लेटच्या दिशेने थेट असा फेकला की एका टप्प्यात तो फलंदाजामागे बसणारा कॅचर मॅनी सँग्विएन याच्यापर्यंत पोहोचला. बेलँजर तिसऱ्या बेसवर थांबला. कोणीही बाद झाले नाही, त्यामुळे क्लेमेंटेच्या नावावर त्या फेकीचे श्रेय कुठेही जमा झाले नाही, आणि तरीही माझ्या शेजारी बसलेला मित्र, जो पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेला होता, तो नकळत उभा राहिला होता.

आपण पाहिलेली अशी एखादी फेक कृपया लिहावी. आकडे नसले तरी चालतील. आपण कुठे बसला होता आणि काय दिसले, हे वाचायला मला आवडेल.

पारिजातक

ओकलंड, 11 एप्रिल 2001. इचिरो सुझुकी अमेरिकेत सिएटलकडून खेळू लागल्याला दुसराच आठवडा होता आणि आमच्या आजूबाजूच्या प्रेक्षकांना त्याच्याविषयी कुतूहलापेक्षा शंकाच अधिक होती. आम्ही उजव्या बाजूला, बरेच वर बसलो होतो. ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर असताना रामोन हर्नांडेझचा फटका राइट फील्डमध्ये गेला आणि लाँग दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे निघाला, जे अशा फटक्यावर कोणताही चपळ धावपटू करतोच. इचिरो पुढे धावत आला, त्याने चेंडू उचलला आणि सोडला. उंचावरून पाहताना फेकीला कमान दिसते, तशी ती मला दिसलीच नाही. दोरी ताणून धरावी तसा चेंडू तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलच्या हातात गेला आणि लाँगला स्पर्श होऊन तो बाद झाला. यजमान संघाच्या मैदानात क्षणभर जी शांतता पसरली, ती मला फेकीपेक्षाही अधिक स्पष्ट आठवते. जपानमध्ये शाळेत असताना तो पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) होता, हे मला नंतर वाचनात आले आणि मग त्या अचूकतेचे कोडे थोडे उलगडले.

रानवाट

पारिजातक ताई, आपण त्या दिवशी मैदानात होता हे वाचून फार आनंद झाला. मी सिएटलचा असल्यामुळे ती फेक पुढे कितीतरी वेळा पाहिली, पण पडद्यावर.

प्रत्यक्ष पाहिली ती मात्र आमच्याच विरुद्ध झालेली फेक. सिएटलचे छत असलेले किंगडोम मैदान, 5 जून 1989, कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना, दहावा डाव. आमचा हॅरल्ड रेनल्ड्स पहिल्या बेसवरून पिचरने चेंडू टाकताच धावत सुटला होता आणि स्कॉट ब्रॅडलीचा फटका लेफ्ट फील्डच्या भिंतीपर्यंत गेला, म्हणजे धाव झाल्यातच जमा होती आणि आमच्या रांगेतले लोक घरी जायला उठलेसुद्धा होते. कॅन्सस सिटीच्या बो जॅक्सनने भिंतीजवळ चेंडू उचलला आणि पुढे धाव न घेता, पाय जवळजवळ जागच्या जागी ठेवून, मागे वळून फेकला. चेंडू हवेतूनच कॅचर बॉब बूनकडे आला आणि रेनल्ड्स बाद झाला. तेरा डावांनंतर आम्ही तो सामना हरलो. त्याच छताखाली 1979 च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात डेव्ह पार्करने राइट फील्डवरून एक फेक तिसऱ्या बेसवर आणि एक होम प्लेटवर करून दोघांना बाद केले होते, आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला होता. तेव्हा मी डोंबिवलीत शाळेत होतो.

सातपुडा

स्वयंपाक चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. मी जळगावात सॉफ्टबॉल खेळले आणि पाच वर्षे आउटफिल्डला होते. लोकांना वाटते की जोर खांद्यात असतो, पण तो पायांतून वर येतो. चेंडू हातात येताच पुढे एक छोटी उडी घ्यायची, त्याच उडीत अंग वळवायचे, बोटे शिवणीवर आडवी ठेवायची आणि सोडताना चेंडूला सरळ उलटी फिरकी द्यायची, म्हणजे तो वाटेत बाजूला वळत नाही. आमचे सर कट-ऑफला, म्हणजे फेक मध्येच अडवायला, उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर फेकायला लावत. ती अडवू शकेल इतकी खाली आणि तिने सोडून दिली तर पुढे पोहोचेल इतकी जोरदार, अशी फेक त्यांना हवी असे. बो जॅक्सनने ती उडी न घेता केलेली फेक मी चित्रफितीत पाहिली आहे आणि ती कशी शक्य झाली हे मला आजही उमगलेले नाही.

काका, क्लेमेंटे शाळेत असताना भालाफेक करत असे. आपल्याकडच्या 2008 च्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून ज्या दोन भारतीय मुलांना पिट्सबर्गनेच करारबद्ध केले, त्यांतला रिंकू सिंगही मूळचा भालाफेकपटू होता, मात्र तो पिचर म्हणून गेला. मी स्वतः कधी भाला धरला नाही, पण आमच्या संघातल्या ज्या मुलीचा हात सर्वांत चांगला होता, तीही सकाळी भाल्याचाच सराव करत असे.

पारिजातक

सातपुडा, ती उंचीची गोष्ट मी आजच माझ्या लेकीला सांगेन. ती बारा वर्षांची आहे आणि सध्या प्रत्येक फेक आकाशात करते. तिने लांब फेकीचा सराव रोज करावा का?

गवाक्ष

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात लिहीत आहे. रोज नको. वाढत्या वयात कोपराच्या हाडाचा टोकाचा भाग अजून कूर्चेचा असतो आणि तोच ताण सहन करत असतो. फेकताना किंवा फेकल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अंतर हळूहळू वाढवावे आणि मध्ये पूर्ण विश्रांतीचे दिवस ठेवावेत.

धाग्याच्या विषयावर सांगायचे तर मला रिक अँकिएलबद्दल विशेष जिव्हाळा आहे. 2000 च्या अखेरच्या सामन्यांत पिचर म्हणून त्याचे चेंडूवरचे नियंत्रण अचानक हरवले आणि ते पूर्वीसारखे परत आले नाही. 2007 मध्ये तो आउटफिल्डर म्हणून परतला आणि 6 मे 2008 रोजी डेन्व्हरमध्ये, एकाच सामन्यात, सेंटर फील्डवरून दोनदा थेट तिसऱ्या बेसवर फेक करून त्याने दोघांना बाद केले. पिचरच्या जागेवरून, साठ फुटांवरून, जे जमेनासे झाले होते, ते त्याच हाताने तीनशे फुटांवरून केले. हाताचे दुखणे घेऊन निराश होऊन येणाऱ्या तरुण खेळाडूंना मी ती चित्रफीत दाखवते.

एकांडा

ज्यांना आकडे हवे असतील त्यांच्यासाठी लिहितो. 2015 पासून मोठ्या लीगच्या मैदानांवर प्रत्येक फेकीचा वेग मोजला जातो, आणि 20 एप्रिल 2016 रोजी न्यूयॉर्कच्या आरॉन हिक्सने लेफ्ट फील्डवरून होम प्लेटवर केलेल्या फेकीचा वेग ताशी 105.5 मैल, म्हणजे सुमारे 170 किलोमीटर भरला. निव्वळ अंतर पाहायचे तर ग्लेन गॉर्बस या कॅनडाच्या खेळाडूने 1957 मध्ये 445 फूट 10 इंच, म्हणजे सुमारे 136 मीटर चेंडू फेकला होता.

तरीही मला काकांचे क्लेमेंटेच्या फेकीविषयीचे निरीक्षण या दोन्ही आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. क्लेमेंटेने एकूण 266 वेळा आउटफिल्डवरून फेकून धावपटूंना बाद करण्यात हातभार लावला आणि पाच हंगामांत तो त्यात लीगमध्ये पहिला होता, पण हात प्रसिद्ध झाला की धावपटू धावेनासे होतात आणि मग हा आकडा वाढायचा थांबतो. जे बेलँजरसारखे थांबले, त्यांची मोजदाद या आकड्यात येत नाही. मैदानात गेलो की मी आता चेंडूकडे न पाहता तिसऱ्या बेसजवळच्या प्रशिक्षकाच्या हातांकडे पाहतो. राइट फील्डवर कोण उभे आहे त्यानुसार ते हात धावपटूला थांबवायला लवकर किंवा उशिरा वर जातात.

रानवाट

काका, बेलँजर तिसऱ्या बेसवर थांबला, हे ठीक. पुढे त्या सामन्याचे काय झाले? आणि नातू आता कसा आहे?

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नातवाला मी काल पिट्सबर्गच्या मैदानावर नेले आणि क्लेमेंटेच्या जर्सीवरच्या 21 क्रमांकासाठी बांधलेली राइट फील्डची 21 फूट उंचीची भिंत दाखवली. त्याने ती हात लावून पाहायचा हट्ट धरला, पण तिथपर्यंत जाता आले नाही. आज सकाळी अंगणात त्याने सातपुडा यांनी सांगितलेली छोटी उडी घेऊन पाहिली. दहा फेकींनंतर मी त्याला थांबवले.

सामना आम्ही हरलो. नवव्या डावात ती धाव झाली नाही, पण दहाव्या डावात फ्रँक रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर असताना ब्रुक्स रॉबिन्सनने उंच फटका मारला, तो झेलला गेला आणि झेलानंतर फ्रँक धावत होम प्लेटवर आला. दुसऱ्या दिवशीचा सातवा सामना पिट्सबर्गने 2-1 असा जिंकला आणि त्यात क्लेमेंटेचा होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) होता, म्हणून सहाव्या सामन्याचे दुःख लवकर विसरले गेले. मात्र ब्रुक्स रॉबिन्सनचा तो चेंडू सेंटर फील्डमध्ये गेला होता. राइट फील्डमध्ये गेला नव्हता.