गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे: ठेकेदार म्हणतो फोडून टाकू

सांवेरकर: सांवेर तहसिलीत आमचं शेत आहे. आजोबांच्या वेळच्या गोठ्यावर सिमेंटचे नालीदार पत्रे आहेत. वर शेवाळ, काहींना तडे, आणि पन्हळीच्या बाजूची कड इतकी झिजलीय की पांढरे धागे दिसतात. ढोरं केव्हाच गेली, आता तिथे लसूण ठेवतो. ठेकेदार म्हणतो, घणाने फोडू आणि तुकडे फाटकापाशी पसरू, म्हणजे पावसात ट्रॅक्टर फसायचा नाही. बाबा खूश, फुकटात मुरूम! मला धाकधूक वाटतेय, हे ॲस्बेस्टॉस तर नसेल?

राजवाडा_कट्टा: काही होत नाही हो. आमचा अर्धा मोहल्ला अशाच पत्र्यांखाली वाढला.

पीथमपूरचा फिटर: राजवाडावाले, धड पत्र्याखाली राहण्याचं मीही फार मनावर घेत नाही, ॲस्बेस्टॉसचा धागा सिमेंटने धरलेला असतो. पण घण घातला की तो मोकळा होऊन श्वासातून फुफ्फुसात जातो, आणि त्या फाटकावर ट्रॅक्टर रोज त्याचं पीठ पाडणार. आजार वीस-चाळीस वर्षांनी उघडा पडतो, म्हणून मोहल्ल्याचा दाखला चालत नाही. बिडी ओढणाऱ्याला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो.

सांवेरकर, कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये असे शेड आम्ही उतरवलेत. आधी लसूण बाहेर काढा. वारा नसलेला दिवस धरा. पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून फवारणीच्या पंपाने पत्रे भिजवा, काम चालू असताना भिजवत राहा. गाडी धुवायचं प्रेशर मशीन अजिबात नको, त्याने धागेच उडतात. गंजलेले हुक-बोल्ट फिरणार नाहीत. ते बोल्ट कटरने कापा, ग्राइंडर पत्र्याला लागता कामा नये. पत्रा अख्खा खाली द्या, टाकू नका.

वर चढणाऱ्याने पत्र्यावर पाय द्यायचा नाही, फळी टाकायची आणि दोर बांधायचा. जुना पत्रा दिसतो भक्कम आणि मोडतो एकदम. कॅन्सरला वेळ लागतो, फरशीला नाही.

तोंडाला गमछा किंवा मेडिकलवाला मास्क म्हणजे नुसता देखावा. पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा, रबरी मास्क घ्या. खाली पडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. तेच पन्हळीतल्या गाळाचं. कपडे घरच्या धुण्यात नकोत.

सांवेरकर: काका, मग उतरवलेले पत्रे टाकू कुठे? आणि आई म्हणते, दोन-चार भुशावर झाकायला ठेव.

पीथमपूरचा फिटर: जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप मारा, वर 'ॲस्बेस्टॉस' लिहा. नाल्यात किंवा विहिरीत टाकायचं नाही. घातक कचऱ्याची साइट पीथमपूरलाच आहे, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा कचरा २०२५ मध्ये जाळला तीच. शेतकऱ्याचा थोडा माल कसा घेतात, ते प्रदूषण मंडळाच्या इंदूर ऑफिसात आधी विचारा. ठेकेदाराला भाड्यासकट लेखी ठरवून द्या, नाहीतर रात्री ट्रॉली कुठल्यातरी खड्ड्यात रिकामी होईल.

आईंना ताडपत्री आणून द्या. आणि नवं छत घालताना दुकानात विचारून घ्या, आपल्याकडे या पत्र्यांवर अजून बंदी नाही, नवा सिमेंटचा पत्राही ॲस्बेस्टॉसचाच निघू शकतो. रंगीत लोखंडी घाला.